सत्तावन्न पिवळी कार्डं

डॉ. समीहन दाबके यांना त्या आकड्यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब मी त्यांच्याआधी मांडून ठेवला होता. नावावर एक शोधनिबंध, निबंधाच्या जोरावर पुण्याची नेमणूक, आणि पुण्यात वाट बघत असलेली एक मुलगी, जिच्या वडिलांना मिरजेत राहणारा जावई चालणार नव्हता. आकडा चांगला आला की हे सगळं एकाच गाडीनं येणार होतं. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी डॉक्टर माझ्या रेकॉर्डरूमच्या खिडकीशी आले आणि हातातला कागद आत सरकवायचा सोडून छातीशी धरून उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं, गाडी चुकली.

"तगारे," ते म्हणाले, "एकवीस."

"कशाचे एकवीस?"

"कोविड वॉर्डात ड्यूटी केलेल्यांपैकी ज्यांनी लस घेतली होती, त्यांच्यात शंभरात एकवीस जणांना लागण."

"आणि न घेतलेल्यांत?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कॉरिडॉरमध्ये एक स्ट्रेचर सोडून कुणी नव्हतं.

"चौदा."

मी खिडकीचं दार जरा ओढून घेतलं. असल्या आकड्याला वारा लागू नये.

"उलटं लिहिलंय का?" मी विचारलं.

"मी रात्रभर बघतोय. उलटं नाही. असंच आहे. तुमच्या नोंदी एकदा तपासाल?"

माझ्या नोंदी! वीस वर्षं मी या खिडकीत बसलो आहे. या रुग्णालयात माणसं चुकीच्या मजल्यावर सापडली असतील, पण चुकीच्या पानावर कधी सापडली नाहीत. एवढ्या शिकलेल्या माणसाला तोंडावर काय बोलायचं, म्हणून मी फक्त म्हणालो, "तपासतो. पण सापडणार काही नाही."

ही जून २०२१ ची गोष्ट. आमचं रुग्णालय धर्मादाय, कर्मचारी चारशे बारा. जानेवारीत लस आली, मार्चपर्यंत तीनशे पंचावन्न जणांनी दोन्ही डोस घेतले आणि सत्तावन्न जणांनी एकही नाही. एक घेऊन थांबलेला कुणी नव्हता. आमच्या मेट्रन आवळेबाईंनी तसा कुणाला थांबूच दिला नसता. लस आम्हां दवाखान्यातल्या माणसांना खरोखर किती वाचवते, हे मोजायला दाबके आले. पद्धत सोपी होती. तीन महिने दर सोमवारी प्रत्येकानं एक कार्ड भरायचं, ताप, खोकला, वास येतो की नाही. दर पंधरवड्याला नाकातला नमुना द्यायचा. लस घेतलेल्यांचं कार्ड हिरवं, न घेतलेल्यांचं पिवळं. शेवटी हिरव्यांत किती आजारी पडले आणि पिवळ्यांत किती, ते ताडून बघायचं.

पण एक धोका सुरुवातीपासूनच दिसत होता. कोविड वॉर्डात राबणारा आणि लॅबमध्ये काचा पुसणारा एकाच तराजूत कसे घालणार? म्हणून कुणी वॉर्डात किती ड्यूट्या केल्या, तेही मी संगणकात भरत होतो, ड्यूटीच्या रजिस्टरावरून. तिथं काही गुंतागुंत नव्हती. लॅब, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर आणि औषधांचं दुकान यांतल्या दीडशे माणसांना हलवता येत नसे, म्हणून त्यांना वॉर्ड माफ. ते सगळे हिरवे. उरलेले दोनशे बासष्ट, म्हणजे सिस्टर, आया, धोबीखाना, स्वयंपाकघर आणि आम्ही कारकून, यांना प्रत्येकी बारा ड्यूट्या, कमी नाही, जास्त नाही. पहिल्या लाटेत कुणाला किती ड्यूट्या यावरून एवढी भांडणं झाली होती, की अधीक्षकांनी लेखी हुकूमच काढला: सर्वांना समान, अपवाद नाही. रजिस्टर आवळेबाई स्वतः शाईनं लिहीत.

दाबके गेले आणि दहा मिनिटांत हौसाक्का खिडकीशी हजर. हौसाबाई वायदंडे, बायकांच्या वॉर्डातली आया, वय पंचावन्न, अंगात साखर, आणि सत्तावन्न पिवळ्यांची न निवडलेली पुढारी.

"तगारेभाऊ, लागला म्हनं निकाल?"

"कुणी सांगितलं?"

"दागदराचं त्वांड बगितलं की. परीक्षेचा कागुद घिऊन पोरगं घरला येतंय, तसं चाललं हुतं."

"शुक्रवारी सभेत सांगतील."

"सांगू द्या. मी काय म्हनते, चांगला निगाला तर मी त्याच पावली दंड पुढं करनार. माजा शब्द हाय. माज्या मागनं सगळी येत्याल."

हौसाक्का अडाणी होती, पण तिच्या हट्टाला कुणी अडाणी म्हणू शकलं नसतं. मार्चमध्ये दाबके तिला समजावायला गेले होते, तेव्हा तिनं सगळ्या वॉर्डासमोर विचारलं होतं, "लस चालती का न्हाई, हे तुमालाच म्हाईत न्हाई, म्हनून तर मोजाय आलाय न्हवं? मग आदी मोजा, मग टोचा." दाबके तीन मिनिटं बोलत होते. ते थांबल्यावर हौसाक्कानं सगळ्यांना सांगितलं, "बगा, त्येंनाबी म्हाईत न्हाई." त्या दिवसापासून सत्तावन्न माणसं निकालाची वाट बघत बसली होती.

त्यातला सत्तावन्नावा मी. लपवण्यासारखं काही नाही. मी हिशेबी माणूस, बेरीज झाल्याशिवाय सही करत नाही. हौसाक्काचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. फक्त तो मी तिच्याइतका मोठ्यानं मांडला नाही, कारण मी पँट-शर्टमध्ये असतो.

"आणि वाईट निघाला तर?" मी विचारलं.

"तर सुटले की," हौसाक्का म्हणाली आणि बादली उचलून गेली. पण जिन्यापाशी तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. ते मी मनात टिपून ठेवलं.

तेवढ्यात त्या आठवड्याची राहिलेली कार्डं घेऊन आवळेबाई आल्या. एस्तेर आवळे. ठेंगणा बांधा, पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कर्मचाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या घरची खडान्‌खडा माहिती. वयाच्या बाविसाव्या वर्षी याच दवाखान्यात लागल्या आणि एकतीस जुलैला निवृत्त होणार होत्या, म्हणजे सहा आठवड्यांनी. त्यांची आई इथंच आया होती. पुढच्या दालनात एक शिसवी फळा आहे. सबंध नोकरीत सेवापुस्तकात लाल शाईची एकही नोंद न होता जो निवृत्त होतो, त्याचं नाव त्या फळ्यावर सोनेरी अक्षरात लागतं. शंभर वर्षांत सहा नावं लागली होती, सहाही डॉक्टरांची. बाईंची आई रोज सकाळी तो फळा पुसायची. सातवं नाव मुलीचं लागणार, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. त्याविषयी बोलत नव्हत्या त्या फक्त बाई. सुताराला मात्र त्यांनी सहज म्हणून विचारून ठेवलं होतं, 'एस्तेर' लिहायला जागा पुरेल ना म्हणून.

"काय विलास, अजून पिवळाच?" बाई म्हणाल्या.

"निकाल लागू दे बाई."

"निकाल लागेपर्यंत जिवंत राहा म्हणजे झालं. नाहीतर कार्ड कोण भरणार?"

बाई हसत गेल्या, आणि मी डॉक्टरांना खोटं पाडायच्या कामाला लागलो.

वॉर्डात शिरण्याआधी प्रत्येकजण डोक्यापासून पायापर्यंतचं किट चढवत असे, आणि चढवण्याआधी दारातल्या वहीत सही करत असे, तारीख, वेळ, किटचं माप. त्या वह्या भरल्या की पंधरा दिवस प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवून माझ्याकडे पाठवत. कपाटावर आठ पिशव्या पडून होत्या. मी एकही उघडली नव्हती, कारण उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. आता म्हटलं, ड्यूटीचं रजिस्टर या वह्यांशी जुळवून दाखवू आणि दाबक्यांच्या हातात ठेवू: घ्या, चूक शोधा.

सुरुवात हौसाक्कापासून केली, कारण तिला शोधणं सोपं. ती अंगठा लावते. सह्यांच्या जंगलात निळा अंगठा लांबून दिसतो. रजिस्टराप्रमाणे मार्चमध्ये तिच्या चार ड्यूट्या. वहीत अंगठा नाही. एप्रिलमध्ये पाच. अंगठा नाही. मी आठही पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या. तीन महिन्यांत त्या वॉर्डात शेकडो माणसं आत गेली आणि बाहेर आली, पण एवढ्या सगळ्या पानांवर अंगठा एकही नव्हता.

मग धोबीखान्यातला बसवराज बघितला. नाही. स्वयंपाकघरातल्या दोघी. नाही. एकेक पिवळं कार्ड घेत गेलो आणि एकेक नाव गळत गेलं. त्यांच्या जागी भलत्याच सह्या, या सिस्टरची, त्या वॉर्डबॉयची, सगळे हिरवे. आणि जिथं कुणीच मिळालं नसेल तिथं एक बारीक, डावीकडे कललेली सही: ए. आवळे. ती सही त्यांच्या स्वतःच्या बारा सोडून एक्केचाळीस वेळा सापडली.

छप्पन्न नावं झाली. सत्तावन्नावं काढायची गरज नव्हती, तरी काढलं. विलास तगारे, बारा ड्यूट्या, शाईनं. त्या मीच संगणकात भरल्या होत्या, आणि मी एकदाही त्या दारातून आत गेलो नव्हतो. मार्चमध्ये बाई खिडकीशी आल्या होत्या आणि हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "तू इथंच थांब, कार्डांचं काम महत्त्वाचं. तुझं मी बघते. कुणाला सांगू नकोस." मला वाटलं, माझ्या कामाची कुणीतरी किंमत केली. एक नोंद खोटी आहे हे मला तीन महिने ठाऊक होतं. पण चारशे बारांत एका नोंदीनं काय बिघडतं, असं मी मनाशी म्हटलं होतं. असं म्हणणारे आणखी छप्पन्न जण असतील, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

बाई चादरींच्या खोलीत होत्या. धोबीखान्यातून आलेला गठ्ठा मोजत होत्या.

"बाई, मार्चमध्ये मी चार दिवस वॉर्डात होतो म्हणे."

"होतास की. रजिस्टरात आहेस. छत्तीस, सदतीस."

"किटच्या वहीत त्यातल्या दोन दिवसांवर तुमची सही आहे."

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस." गठ्ठा पुरा करून त्यांनी त्यावर हात ठेवला. "तू त्या पिशव्या उघडल्यास."

"किती जणांचं असं केलंत?"

"तू मोजलं असशीलच."

"सत्तावन्न."

"मग मला कशाला विचारतोस?"

"बाई, हुकूम होता. सर्वांना समान."

"हुकूम समान आहे रे. फुप्फुसं समान आहेत का?" त्या स्टुलावर बसल्या. "लस घेतली नाही हा हट्ट तुमचा. पण ड्यूटी लावायची मी. त्या दारातून हौसाला आत ढकलणारा हात माझा. तिला साखर. बसवराजला दमा. आणि तू असा काडी पैलवान. मला झोप लागली असती?"

"मग अधीक्षकांना सांगायचं."

"ते म्हणाले असते, लस घ्या नाहीतर घरी बसा. हौसा घरी बसली असती. लस तरी घेतली नसती. तिला मी तीस वर्षं ओळखते. मग म्हटलं, निकाल लागेपर्यंत सांभाळू. निकाल लागला की आपण होऊन घेतील. तीन महिन्यांचा तर प्रश्न."

"निकाल लागलाय बाई."

"हो? किती?"

मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. तेव्हा म्हणालो, "असं बघा. ज्यांच्याकडे छत्री होती, त्यांना तुम्ही पावसात उभं केलंत. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना ओसरीवर बसवलंत. आणि आता दाबके मोजतायत, जास्त भिजलं कोण."

त्या स्वतः मे महिन्यात सतरा दिवस तापानं पडून होत्या. दाबक्यांच्या कागदावर शंभरातले ते जे एकवीस होते, त्यांत त्याही होत्या. दोन्ही डोस घेतलेल्या, म्हणजे लसीच्या विरुद्ध पडलेलं एक मत.

"म्हणजे शुक्रवारी हौसा काय ऐकणार," त्यांनी विचारलं, "लस घेतली की जास्त होतो, असं?"

"हो."

"माझ्यामुळे."

मी सगळा विचार करूनच आलो होतो. "ऐका बाई. दाबक्यांना मी सांगतो, संगणक बिघडलाय, आकडे पुन्हा भरावे लागतील. सभा पुढं जाईल. एकतीस जुलैला तुमचं नाव फळ्यावर लागेल. एक ऑगस्टला मला या वह्या सापडतील. लागलेलं नाव कुणी खरवडून काढत नाही."

"म्हणजे किती दिवस पुढं?"

"सहा आठवडे."

"तीन महिन्यांत पिवळ्यांतले आठ जण पडले, नाही का? म्हणजे सहा आठवड्यांत?"

"चार. अंदाजे."

"त्या चारांत हौसा नसेल, असं लिहून देतोस?"

माझ्या नोकरीत मी लिहून द्यायला कधी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी मी चादरींकडे बघत राहिलो.

"मग जा," बाई म्हणाल्या. "त्या पोराला वह्या दे. पुण्याची गाडी चुकेल त्याची." म्हणजे मुलीचं त्यांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी जेवणघरात सभा भरली. अधीक्षक पहिल्या खुर्चीत, दाबके खडूच्या फळ्यापाशी, आणि मागं भिंतीला टेकून पिवळे, हौसाक्का मधोमध. दाबके खडू हातात घेतात तोच आवळेबाई उठल्या.

"डॉक्टरांच्या आधी मला दोन मिनिटं बोलायचं आहे. ड्यूटीच्या रजिस्टरात माझ्याकडून लबाडी झाली आहे. ज्यांना मी सांगितलं होतं, तू वॉर्डात जाऊ नकोस, कुणाला सांगू नकोस, त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. जो तो आपापलं एकट्याचं गुपित गच्च धरून बसला होता. मी हात वर केला. केला म्हणजे काय, कोपरापर्यंत. मग बसवराजनं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा गेला. मग स्वयंपाकघरातल्या दोघींचे एकदम गेले आणि दोघी एकमेकींकडे डोळे मोठे करून बघू लागल्या. तीन महिने त्या एकाच चुलीपाशी उभ्या होत्या. हात वर जात राहिले. सगळ्यांत शेवटी हौसाक्काचा.

"आँ?" ती चहूकडे बघत म्हणाली. "तुजंबी? आन् तुजंबी? ग बया! मला वाटलं, माज्यावरच जीव हाय बाईंचा!"

मी मोजले. एक्कावन्न. बाकीचे सहा जण कामावर होते.

"आता," बाई म्हणाल्या, "ज्यांना मी म्हटलं होतं, एक ड्यूटी जास्तीची कर, कुणाला सांगू नकोस, त्यांनी."

उरलेल्या निम्म्या जेवणघराचे हात वर गेले. कुणीतरी हसलं, आणि मग ते हसू आवरेना. अधीक्षक हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, ते मी बघितलं.

मग दाबक्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. त्यांचा चेहरा आता सोमवारचा नव्हता. "आता ज्यांची तुलना करायला हवी, त्यांचीच करतो. वॉर्डात एकदाही न गेलेले. त्यात लस घेतलेले दीडशे, आजारी सहा. म्हणजे शंभरात चार. लस न घेतलेले सत्तावन्न, आजारी आठ. म्हणजे शंभरात चौदा."

"म्हंजी," हौसाक्का म्हणाली, "चौदा पडनार हुते, त्यातले दहा उबे ऱ्हायले?"

"अगदी बरोबर, आक्का."

"मग हे सोमवारी का सांगितलं न्हाई?"

"सोमवारी मला माहीत नव्हतं."

"बगा," हौसाक्का सगळ्यांना म्हणाली, "त्येंना सोमवारीबी म्हाईत नव्हतं." पण या वेळी तिला हसायला कुणी नव्हतं, कारण तीच हसत नव्हती. ती गर्दीतून वाट काढत आवळेबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाई, तुमाला ताप आला तवा सतरा दिस मी तुमच्या दारात पेज ठिवली. तवा बी बोलला न्हाई. माज्या ड्यूट्या कुनी केल्या?"

"कुणी कुणी केल्या."

"तुमी किती?"

"असतील काही."

"माज्यापायी आला हुता व्हय तुमाला त्यो?"

"असं कसं सांगता येईल, हौसा? कुणापासून आला ते कुणाला कळतं?"

"दागदराला कळंल. त्ये मोजायलाच आल्यात." ती दाबक्यांकडे वळली. "मोजा की वो!"

"ते नाही मोजता येत, आक्का," दाबके म्हणाले.

"मग शिकला कशाला एवडं?" हौसाक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाईंनी तिला धरलं. अंतर ठेवायचे दिवस होते, पण त्या दोघींना ते सांगायला कुणी पुढं झालं नाही. मग हौसाक्कानं नाक पुसलं, चोळीची बाही दंडापर्यंत वर केली आणि म्हणाली, "चला, कुटं हाय ती सुई? आन् तगारेभाऊ, तुमी दाराकडं का बगताय? माज्या मागं लागा."

मी तिच्या मागं लागलो. दंडाचं दोन दिवस दुखलं. तक्रार केली नाही, ऐकणारं कुणी नव्हतं.

अधीक्षकांचा कागद मंगळवारी माझ्याकडे आला. रजिस्टरात हेतुपुरस्सर खोट्या नोंदी केल्याबद्दल लेखी ठपका, सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद घ्यावी. सेवापुस्तकं माझ्या ताब्यात. नोंद मीच घ्यायची होती. मी दोन दिवस लाल पेन सापडत नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः पेन घेऊन आल्या.

"लिही."

"बाई, मी अधीक्षकांना पुन्हा एकदा विचारतो."

"काय विचारशील? खोटं नव्हतंच म्हणून? लिही. आणि अक्षर नीट काढ, शेवटचं पान आहे." मी लिहीत होतो तोवर त्या खिडकीशी उभ्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी पुस्तक फिरवून घेतलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि एक काना राहिला होता तो दाखवला.

आता त्याला चार वर्षं होऊन गेली. दाबक्यांचा निबंध छापून आला. पुण्याची नेमणूक झाली, लग्न झालं, एक लेक आहे. निबंधात आमच्या रुग्णालयाचं नाव नाही, आणि जुन्या नोंदी दुरुस्त कशा केल्या, ते दीड ओळीत आहे. सत्तावन्नांपैकी पंचावन्न जणांनी पंधरा दिवसांत लस घेतली. दोघांनी घेतली नाही. फळ्यावर नावं सहाच आहेत. हौसाक्का रोजंदारीवरचीच राहिली, कायम झाली नाही, पण कामावर आहे, आणि नवीन आलेल्या डॉक्टरांना लस किती चांगली ते असं सांगते, की मोजणी तिनंच केली असावी. दर रविवारी बाईंची चर्चमधली उपासना झाली की ती त्यांच्या घरी जाऊन त्यांची भांडी घासते. बाई नको म्हणतात. ती म्हणते, माझ्यापायी तुम्ही मरत होता.

मी हिशेबी माणूस. वह्या परत पिशवीत घालण्याआधी मी एक गोष्ट काढून ठेवली होती, कुणी सांगितलं नसताना. पिवळ्यांच्या एकूण ड्यूट्या सहाशे चौऱ्याऐंशी. त्या दोनशे पाच जणांनी आपसात केल्या. त्यांतले त्रेचाळीस आजारी पडले. लाल नोंद एक. आणि बाईंना ताप आला, त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी किटच्या वहीत तीन सह्या केल्या होत्या. तिन्ही दुसऱ्यांच्या ड्यूट्या. त्यातली हौसाक्काची एक. माझ्या दोन.